वाचता न येणाऱ्यांसाठी आरोग्याचे साहित्य : दादरा-नगर हवेलीच्या निमित्ताने

खानवेलकडच्या एखाद्या पाड्यावर क्षयरोगाची माहिती देणारे पत्रक पोचले, असे धरू. घरात सासूला अक्षरओळख नाही. सून आठवीपर्यंत शिकलेली, पण गुजराती माध्यमात. धाकटा दीर मराठी शाळेत होता. आता सिल्वासाच्या कारखान्यात जातो आणि तिथे हिंदीवर भागवतो. घरात सगळे वारलीत बोलतात. पत्रक हिंदीत आहे. वर खोकणाऱ्या माणसाचे चित्र, खाली अधिक माहितीसाठी टोल-फ्री क्रमांक. या घरासाठी हे पत्रक 'सोपे' करायचे म्हणजे नेमके काय करायचे?

कमी शिकलेल्या आणि वेगवेगळ्या संस्कृतींच्या लोकांसाठी आरोग्यशिक्षणाचे साहित्य कसे घडवावे, यावर जगभर निदान पन्नास वर्षे काम चालू आहे. त्यातले काही मुद्दे आता वादाच्या पलीकडे गेले आहेत, काही मात्र जिथल्या तिथे आहेत. दादरा-नगर हवेली हा 491 चौरस किलोमीटरचा तुकडा, पण या वादाचे बहुतेक सगळे पदर तिथे एकमेकांत गुंतलेले दिसतात. म्हणून हा आढावा तिथून घ्यायचा.

प्रदेश आणि त्याचे आकडे

हा मुलूख 1954 साली पोर्तुगिजांकडून मुक्त झाला, 1961 साली रीतसर भारतात आला आणि 26 जानेवारी 2020 पासून दमण-दीवसह एकच केंद्रशासित प्रदेश बनला. 2011 च्या जनगणनेत इथली लोकसंख्या 3 लाख 43 हजारांच्या घरात होती. त्यात आदिवासी 52 टक्के. हेच प्रमाण 2001 साली 62 टक्के आणि 1991 साली 79 टक्के होते. आदिवासींची संख्या घटली, असा याचा अर्थ नाही. करसवलतींमुळे कारखाने आले आणि कारखान्यांमागून बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा अशा ठिकाणांहून कामगार आले. बहुतेक एकटे पुरुष, त्यामुळे 2011 साली दर हजार पुरुषांमागे स्त्रिया फक्त 774. म्हणजे आरोग्य खात्यापुढे इथे दोन वेगळे श्रोते आहेत: डोंगरातल्या पाड्यांवरची वारली, कोकणा, धोडिया, काथोडी कुटुंबे आणि शहराभोवतीच्या खोल्यांमध्ये पाळीपाळीने झोपणारे परप्रांतीय कामगार. एकाच पत्रकात दोघांची सोय लावायची म्हटले तर ते दोघांच्याही कामाचे राहत नाही.

साक्षरता 1991 साली 40.7 टक्के होती, ती 2011 साली 76.2 टक्क्यांवर गेली. स्त्रियांची 64 टक्के. वाढ मोठी आहे, पण हा आकडा आरोग्यशिक्षणाच्या कामाला थोडा फसवा आहे. जनगणनेत घरच्यांनी सांगितले की माणूस साक्षर ठरतो, वाचून दाखवायला कोणी सांगत नाही. सही करता येणे आणि गोळ्यांच्या पाकिटावरची सूचना वाचून तसे वागणे यांत बरेच अंतर आहे. शिवाय बाहेरून आलेल्या, शाळा शिकलेल्या तरुणांमुळे सरासरी वर सरकते, पाड्यावरची सासू आहे तिथेच राहते.

भाषेचे चित्र आणखी गुंतागुंतीचे. 2011 च्या जनगणनेनुसार इथल्या सुमारे 40 टक्के लोकांची मातृभाषा 'भिली' या गटात मोडते. गुजराती आणि हिंदी साधारण पाचवा-पाचवा हिस्सा, मराठी सात टक्क्यांच्या आसपास. या भिली गटातच जनगणनेने वारली, कोकणा आणि धोडिया बसवल्या आहेत. ग्रिअर्सनने मात्र आपल्या भाषा-सर्वेक्षणात वारलीची नोंद मराठीच्या खंडात केली होती. तज्ज्ञांचा हा मतभेद पुस्तकापुरता राहता तर हरकत नव्हती. पण सरकारी छपाईचा निर्णय याच वर्गीकरणावर होतो: वारली ही मराठीची बोली मानली तर मराठी पत्रक चालेल असे गृहीत धरले जाते, भिली मानली तर तिला छापील साहित्यच नाही म्हणून गुजराती पुढे केले जाते. वारली बाईला दोन्हीतले थोडे थोडे कळते, आणि आरोग्याच्या बाबतीत थोडे थोडे कळणे कधीकधी मुळीच न कळण्यापेक्षा महागात पडते.

पन्नास वर्षांची वाट

या परिसरात 'लोकांच्या हातातल्या वस्तूंपासून शिकवा' हा विचार आरोग्याच्या आधी शिक्षणातून आला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केले आणि 1957 साली ते कोसबाडला नेले. कोसबाड सिल्वासापासून फार लांब नाही, आणि मुलेही वारल्यांचीच. दगड, बिया, पाने हे त्यांचे शैक्षणिक साहित्य. शाळेत पोर येत नाही तर शाळा पाड्यावर न्यायची, गुरे राखायला गेले तर कुरणात न्यायची. मुलांची आंघोळ आणि नखे-केसही त्याच शाळेत उरकत. आज ज्याला 'समुदायाशी जुळवून घेतलेले आरोग्यशिक्षण' म्हणतात, त्याची निम्मी सामग्री त्या कुरणशाळेत होती.

आरोग्याच्या बाजूने महाराष्ट्रातला मोठा टप्पा जामखेडचा. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 साली काम सुरू केले आणि गावातल्याच, बहुधा निरक्षर, पुष्कळदा दलित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. शिकवण्याची साधने म्हणजे गाणी, गोष्टी आणि चित्रकार्डे. त्याच दशकात डेव्हिड वर्नरचे मेक्सिकोतल्या खेड्यांसाठी लिहिलेले पुस्तक 1973 साली स्पॅनिशमध्ये, 1977 साली इंग्रजीत आले आणि जगभर रूपांतरित झाले. त्यापाठोपाठ 1982 साली बिल बोवर यांच्यासह लिहिलेल्या दुसऱ्या पुस्तकात वर्नर यांनी भर दिला तो साहित्य गावकऱ्यांकडूनच करवून घेण्यावर.

बांगलादेशात 'ब्रॅक' संस्थेने 1980 ते 1990 या काळात घरोघर जाऊन जुलाबावर मीठ-गूळ-पाण्याचे द्रावण शिकवले. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, ठरलेल्या मापाचे पाणी. सव्वा कोटीच्या आसपास घरे झाली. साहित्य म्हणाल तर बाईची बोटे आणि घरातले भांडे. आणि शिकवणारीचा पगार ती किती घरी गेली यावर नव्हता. नंतर तपासायला गेलेल्या माणसाला आईने किती मुद्दे बरोबर सांगितले, द्रावण कसे केले, यावर होता. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत कमी अनुकरण झालेली चांगली कल्पना हीच.

गडचिरोलीतल्या 'सर्च'च्या कामाकडे जरा थांबून पाहायला हवे. राणी बंग यांचा 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला अभ्यास दोन गावांतल्या स्त्रियांचा होता आणि त्यांपैकी 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला होता. त्यानंतरच्या कामात त्यांनी बायकांच्या स्वतःच्या शरीराविषयीच्या कल्पना ऐकून घेण्यावर भर दिला. 'कानोसा' हे पुस्तक त्यातले. अभय बंग यांच्या गटापुढे प्रश्न होता बालन्यूमोनियाचा. बाळ मिनिटाला किती श्वास घेते हे मोजले तर न्यूमोनिया ओळखता येतो, पण दाईला पन्नास-साठपर्यंत मोजता येत नाही. दहापर्यंत येते. म्हणून त्यांनी एक साधन केले: एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि त्याच्याखाली तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी एक ओळ, त्याहून मोठ्यासाठी दुसरी. या साधनावर एक अक्षर नाही, तरी त्यात वैद्यकाचा पूर्ण नियम बसलेला आहे. पुढे त्याच संस्थेच्या आरोग्यदूतांनी 39 गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेतली आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी खाली आणला. तो अभ्यास 1999 सालचा. देशभरच्या 'आशा' कार्यक्रमातल्या नवजात बाळाच्या गृहभेटींचे मूळ त्यात आहे.

पाश्चात्त्य देशांत हा विषय थोड्या वेगळ्या दाराने आला. अमेरिकेत डोक दांपत्य आणि जेन रूट यांनी 1985 साली कमी साक्षर रुग्णांना कसे शिकवावे यावर पुस्तक लिहिले आणि साहित्य पारखण्याची पद्धतशीर मोजपट्टी पुढे आणली: मजकूर, चित्रे, मांडणी, सांस्कृतिक अनुरूपता असे निकष. 1999 साली केन रेझनिकाऊ आणि सहकाऱ्यांनी वरवरचे आणि खोलातले असा फरक मांडला. वरवरचे म्हणजे चित्रातली साडी, भाषा, संगीत. खोलातले म्हणजे आजार कशाने होतो याविषयीची धारणा, घरात निर्णय कोण घेते, लाज कशाची वाटते. बहुतेक सरकारी साहित्य पहिल्याच पायरीवर थांबते, यावर आता फारसे दुमत नाही.

भूमिका कोणत्या

एक भूमिका सरकारी यंत्रणेची, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. संदेश एका ठिकाणी तयार व्हावा, तज्ज्ञांनी तपासावा, मग भाषांतर होऊन खाली जावा. औषधाचा डोस, लसीची तारीख, धोक्याची लक्षणे यांत गावागणिक फरक चालणार नाही. ज्याने त्याने आपापले रूपांतर सुरू केले तर चूक कुठे शिरली हे कळणारही नाही. पैसा आणि वेळही वाचतो.

दुसरी भूमिका वर्नर-आरोळे यांच्या परंपरेतली: साहित्य हे शेवटी निमित्त असते, माणूस महत्त्वाचा. 'आशा'ताई पाड्यावरचीच असेल, तिला विषय मनापासून कळला असेल, तर ती जमिनीवर काडीने रेघा ओढूनही समजावेल. म्हणून छपाईपेक्षा तिच्या प्रशिक्षणावर पैसा घाला. या मताला पुष्टी देणारे दृश्य कुठल्याही फ्लिपबुकच्या बैठकीत दिसते. पुढच्या बाजूला श्रोत्यांसाठी चित्र, मागच्या बाजूला सेविकेसाठी मजकूर, अशी त्याची रचना असते. ज्या सेविकेला मजकूर पाठ नाही ती तो वाचत बसते, बायका चित्राकडे पाहत बसतात आणि दोघींची गाठ पडत नाही. कधी ती पुस्तक आपल्याकडे वळवून चित्र पाहते, मग बायकांच्या वाट्याला न वाचता येणाऱ्या ओळी येतात.

तिसरी भूमिका म्हणते की हे सारे निरक्षरता कायमची धरून चालले आहे. बायकांना वाचायला शिकवा आणि आरोग्य हाच त्या वाचनाचा विषय ठेवा. 1988 च्या राष्ट्रीय साक्षरता मिशनमध्ये हा विचार होता. 2022 पासूनच्या प्रौढ साक्षरता कार्यक्रमातही आरोग्य हे जीवनकौशल्य म्हणून धरलेले आहे. शिक्षणविचारवंत पावलो फ्रेअरेचा वारसा सांगणारे अनेक कार्यकर्ते या बाजूला आहेत.

आणि चौथी, जरा कडवट: लोकांना माहीत नाही म्हणून ते येत नाहीत, हे गृहीतकच चुकीचे. माहीत असते. पण दुधनीकडून सिल्वासाच्या श्री विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटलपर्यंत यायचे तर दिवस मोडतो, रोजी बुडते आणि आल्यावर कोण कसे बोलेल याचा भरवसा नसतो. अशा वेळी पत्रक सोपे करणे म्हणजे दोष ऐकणाऱ्याच्या डोक्यात आहे असे सुचवणे. ही भूमिका साहित्याच्या प्रश्नाचे उत्तर देत नाही, पण त्या प्रश्नाची जागा ठरवून देते.

चित्र म्हणजे सर्वांना कळणारी भाषा?

वाचता येत नाही तर चित्र दाखवा, हा सर्वांत जुना तोडगा. आणि सर्वांत आधी संशयाच्या भोवऱ्यात तोच सापडला. 1976 साली युनिसेफसाठी नेपाळमध्ये फ्यूसेल आणि हालांड यांनी केलेल्या अभ्यासात दिसले की चित्र काही शिकवण्यासाठी असते, ही अपेक्षाच पुष्कळ गावकऱ्यांना नसते. ते चित्रातल्या वस्तू ओळखतात, त्यामागचा उपदेश ओळखत नाहीत. दक्षिण आफ्रिकेत डाउस आणि एलर्स यांनी 2001 साली औषधांच्या सूचना सांगणारी अमेरिकी चिन्हे आणि स्थानिक लोकांच्या मदतीने केलेली चिन्हे कमी शिकलेल्यांना दाखवून तुलना केली, तेव्हा स्थानिक चिन्हे सरस ठरली. चिन्ह ग्राह्य धरायला किती लोकांना ते कळले पाहिजे, याचेही निकष आहेत: आंतरराष्ट्रीय मानक 67 टक्क्यांचे, अमेरिकी 85 टक्क्यांचे. आपल्याकडच्या आरोग्यकेंद्राच्या भिंतीवरचे चित्र रंगवण्याआधी शंभर जणांना दाखवून पाहिले असेल, तर तो अपवाद.

सिल्वासा-डहाणू पट्ट्यात या प्रश्नाला आणखी एक वळण आहे, वारली चित्रकलेचे. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नाचा चौक आणि त्यातली पालघट देवी हे मूळ सुवासिनींचे काम. 1970 च्या दशकात जिव्या सोमा मशे यांच्यासारखे कलाकार कागदावर काढू लागले, कला बाजारात गेली, मशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. आता सरकारी इमारतींच्या भिंतींवर दोन त्रिकोणांची माणसे सर्रास दिसतात: हात धुणारी, लस घेणारी, शौचालयाकडे जाणारी. बाजूने बोलणारे म्हणतात, यातून लोकांना दवाखाना आपला वाटतो आणि शहरी कोट-टायवाल्या डॉक्टरच्या चित्रापेक्षा हे शंभर पटीने बरे. विरोधी मत असे की ही शैली समूहाचे, सणाचे, शेतीचे चित्र आहे. तिच्यात चेहरा नाही, कातडी नाही, जवळून पाहणे नाही. कुष्ठरोगाचा फिकट चट्टा तांबूस भिंतीवरच्या पांढऱ्या माणसाच्या अंगावर दाखवायचा कसा? मला दोन्हींत तथ्य वाटते. आपुलकी निर्माण करायला वारली चित्र उत्तम, लक्षण ओळखायला शिकवायला निरुपयोगी. ही दोन कामे वेगळी आहेत हे छापणाऱ्याने ठरवले नाही की भिंत सुंदर होते आणि रोग तिथेच राहतो.

कुष्ठरोग : पाकीट, चट्टा आणि शेजारी

दादरा-नगर हवेलीत हा वाद सर्वांत खोल गेला तो कुष्ठरोगाच्या निमित्ताने. देशाने 2005 च्या अखेरीस कुष्ठरोगाचे प्रमाण दर दहा हजारांमागे एकाच्या खाली आणले, पण इथे ते पुढेही कितीतरी वर्षे वर राहिले. 2015 पासून या प्रदेशात एक आंतरराष्ट्रीय प्रकल्प राबवला गेला: रुग्णाच्या घरातल्या आणि शेजारपाजारच्या लोकांना तपासून, निरोगी असतील त्यांना रिफाम्पिसिनचा एकच डोस द्यायचा. बांगलादेशातल्या चाचणीत या एका डोसाने पहिल्या दोन वर्षांत रोगाचा धोका 57 टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले होते. भारतासह सात देशांत मिळून दीड लाखांहून अधिक लोकांना तो दिला गेला आणि 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली.

औषधाची बाजू सोपी होती. बोलण्याची नव्हती. निरोगी माणसाला गोळी का घ्यायची, हे सांगताना शेजाऱ्याला कुष्ठरोग आहे हे आपोआप उघड होते. रुग्णाची संमती आधी घ्यावी लागते. तो नाही म्हणाला तर शेजाऱ्यांपर्यंत पोचता येत नाही. गोपनीयता ही शहरी दवाखान्यात कागदाची गोष्ट आहे. पाड्यावर आरोग्यसेविका कोणाच्या ओसरीवर किती वेळ बसली, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत असते. काही जणांचे म्हणणे, अख्ख्या पाड्याला सरसकट गोळी द्यावी म्हणजे बोट कोणाकडेच जाणार नाही. यावर आक्षेप असा की मग रोग नक्की कसा पसरतो हे शिकवायची संधीच जाते आणि औषधही गरजेपेक्षा जास्त खपते. हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

याच रोगात कमी साक्षरांसाठी घडवलेल्या साहित्याचा एक उत्कृष्ट नमुनाही आहे, तो म्हणजे बहुविध औषधोपचाराचे पाकीट. 1981 नंतर आलेल्या या उपचारात 28 दिवसांच्या गोळ्या एकाच पाकिटात येतात. मोठ्यांचे कोणते, मुलांचे कोणते, सौम्य प्रकाराचे कोणते हे रंगावरून कळते. महिन्यातून एकदाच्या गोळ्या वेगळ्या, रोजच्या वेगळ्या. वाचायचे काही नाही. पण पाकीट एक गोष्ट सांगत नाही: क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते आणि रिफाम्पिसिनने लघवी लालसर होते. हे आधी कोणी सांगितले नाही तर आठवड्याभरात पाकीट कणगीमागे पडते. रोग लपवायला निघालेल्या माणसाच्या तोंडावरच औषधाने खूण उमटवली, असा त्याचा समज होतो, आणि तो अगदीच चुकीचा म्हणता येत नाही.

2017 पासून दरवर्षी 30 जानेवारीला होणाऱ्या 'स्पर्श' मोहिमेत 'सपना' नावाची एक मुलगी संदेश देते. गावातल्याच एखाद्या मुलीने ती व्हायचे. कल्पना चांगली, कारण चेहरा स्थानिक राहतो. संहिता मात्र वरून येते, आणि सपना काय बोलते हे तिच्या आजीला कळले का, हे पाहण्याची तरतूद संहितेत नसते.

सिकलसेल : कार्ड कधी जुळवायचे

सिकलसेलचे राष्ट्रीय मिशन 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशात शहडोल इथे सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन हे उद्दिष्ट. दक्षिण गुजरात, पालघर आणि दादरा-नगर हवेली या सलग पट्ट्यातल्या आदिवासींमध्ये हा विकार आढळतो. तपासणीनंतर कार्ड दिले जाते. दोघांची कार्डे जुळवून पाहिली की होणाऱ्या मुलाला धोका आहे का ते दिसावे, हा हेतू. लग्नाआधी कुंडली जुळवता तसे कार्ड जुळवा, असे ते अनेकदा समजावले जाते.

इथे खोलातल्या रूपांतराचा प्रश्न नेमका दिसतो. कुंडली ही वारल्यांची रीत नव्हे. त्यांचे लग्न धवलेरी लावते, ती बाई असते, आणि ते तिच्या गाण्यावर चालते. शिवाय कित्येक जोडपी आधी संसार मांडतात आणि पैसा जमला की, कधी मुले झाल्यावर, विधी करतात. 'लग्नाआधी तपासा' हा संदेश भाषांतरात अचूक आणि वेळेत चुकीचा ठरतो, कारण ज्या क्षणावर तो बेतला आहे तो क्षण इथे मुलांनंतर येऊ शकतो. मग कार्डाची गोष्ट कोणत्या वेळी काढायची? मुलगी वयात आल्यावर, शाळेत, की पोरे एकत्र राहू लागल्यावर? कोणाशी, मुलीशी की तिच्या बापाशी? धवलेरीला या कामात घ्यावे, असे सुचवणारे आहेत. मेळघाटात भूमकांना, म्हणजे पारंपरिक वैदूंना, रुग्ण दवाखान्यात पाठवण्यासाठी सहभागी करून घेण्याचे प्रयत्न झाले, त्याच धर्तीवर. दुसऱ्या बाजूला भीती आहे की विधीच्या माणसाला सरकारी कामाला लावले की तिचा अधिकारही जाईल आणि सरकारचे कामही होणार नाही.

आणखी एक अडचण संभाव्यतेची. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. हे ऐकून 'एक आजारी झाले, आता पुढची तीन चांगली' असे समजणारे शिकलेल्यांतही भरपूर सापडतात. चार मुलांचे चित्र, त्यातले एक लाल, हे जगभर वापरले जाणारे चित्रच या गैरसमजाला खतपाणी घालते. दोन नाणी पुन्हा पुन्हा उडवून दाखवणे जास्त परिणामकारक ठरावे, पण त्याला भिंत पुरत नाही, समोर बसणारे माणूस लागते.

पुरावा काय म्हणतो

समोरासमोर बसण्याच्या बाजूने सर्वांत वजनदार पुरावा झारखंड-ओडिशातल्या 'एकजुट'चा. संथाळ, मुंडा, उरांव, हो या जमातींतल्या स्त्रियांचे गट महिन्यातून एकदा जमत. चित्रकार्डे, गोष्टी, खेळ यांतून आपल्याच गावातले प्रश्न निवडत आणि उपाय ठरवत. तीन वर्षांत नवजात मृत्युदर 32 टक्क्यांनी कमी झाला. 2010 साली हे प्रसिद्ध झाले आणि 2014 साली जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत सुचवली. पण मुंबईच्या वस्त्यांमध्ये अशाच गटांच्या चाचणीत 2012 साली ठळक परिणाम दिसला नाही, आणि बांगलादेशातल्या पहिल्या प्रयत्नातही नाही. कारणे वेगवेगळी सांगितली जातात: गटांची संख्या लोकसंख्येच्या मानाने कमी, शहरात माणसे टिकत नाहीत, दवाखाने आधीच जवळ. दादरा-नगर हवेलीला हे दोन्ही अनुभव लागू पडतात. खानवेलचे पाडे झारखंडासारखे, शहराभोवतीच्या खोल्या मुंबईसारख्या.

ध्वनिसंदेशांचे काय? 'किलकारी' या सरकारी सेवेत गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचे होईपर्यंत आठवड्याला एक, असे 72 रेकॉर्ड केलेले फोन येतात. मध्य प्रदेशातल्या मोठ्या चाचणीत, 2022 साली आलेल्या निष्कर्षांनुसार, गर्भनिरोधकांच्या वापरात थोडी वाढ दिसली, बाकी बहुतेक सवयींवर फारसा परिणाम नाही. फोन नवऱ्याच्या खिशात असतो, हे त्याचे एक साधे कारण.

आणि 'परत सांगायला लावण्याची' पद्धत. सॅन फ्रान्सिस्कोत 2003 साली मधुमेहींवर झालेल्या अभ्यासात डॉक्टरांनी सांगितलेल्या नव्या गोष्टींपैकी फक्त 12 टक्के गोष्टी रुग्णाला कळल्या का, हे तपासले होते. जिथे तपासले तिथे साखरेवर नियंत्रण चांगले आढळले. खर्च शून्य, छपाई शून्य. सिल्वासात 2019 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि त्याच वर्षापासून देशभरच्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी स्थानिक भाषेची ओळख ठेवली आहे. ही स्थानिक भाषा म्हणजे गुजराती की वारली, हे अर्थातच ज्या त्या शिक्षकावर.

काय उरले आहे

भाषांतर-यंत्रांमुळे भाषेचा प्रश्न सुटेल, असे हल्ली वारंवार ऐकू येते. 2022 साली सुरू झालेला केंद्राचा 'भाषिणी' उपक्रम आठव्या परिशिष्टातल्या 22 भाषांभोवती उभा आहे. वारली त्या यादीत नाही, भिलीही नाही. वारलीत आवाज रेकॉर्ड करून फोनवर पाठवणे तांत्रिकदृष्ट्या आजही अवघड नाही. पण ते तपासणार कोण? ज्यांना वैद्यक येते त्यांना वारली येत नाही, आणि ज्यांना वारली येते त्यांच्या सहीला कागदावर जागा नाही.

साहित्य आधी चार पाड्यांवर दाखवून मग छापावे, याला तत्त्वतः कोणाचाच विरोध नाही. व्यवहारात छपाईचा निधी वर्षअखेरीस येतो आणि मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो, म्हणून पहिली गोष्ट गळते ती पूर्वचाचणी. ती कशी करायची, किती जणांवर, कळले असे कधी म्हणायचे, याचा निकषही मराठी-गुजराती साहित्यासाठी रूढ झालेला नाही. इंग्रजीतली वाचनसुलभतेची सूत्रे शब्दांची आणि वाक्यांची लांबी मोजतात. आपल्या सामासिक शब्दांना ती जशीच्या तशी लावता येत नाहीत.

परप्रांतीय कामगारांबाबत तर चर्चाच कमी आहे. त्यांची गाठ पडते कारखान्याच्या फाटकावर, पाळी बदलताना, दहा मिनिटे. तिथे हिंदी पत्रक चालते असे सगळे धरून चालतात, आणि बहुधा चालतही असेल. पण ओडिशाच्या डोंगराळ भागातून आलेला मजूर आणि पाटण्याकडचा मजूर यांची हिंदी एकच आहे का, हे सिल्वासात अजून कोणी नीट विचारलेले दिसत नाही. क्षयरोगाच्या सहा महिन्यांच्या उपचारात दोन महिन्यांनी काम सोडून गावी गेलेल्या माणसाच्या हाती काय द्यायचे, हाही त्यातलाच भाग. त्याच्याकडे कागद असतो, पण तो सिल्वासात भरलेला असतो आणि वाचायचा असतो गयेत.